दोन्ही अंगांना सारखा उतार
बेल्ट ग्राइंडर आणि जिग यांच्या साहाय्याने सुरीचे पाते घासण्याचा पाठ



आपल्या वस्त्यांवरील युवकांना हाताला काम मिळावे, म्हणून या अंकात एका कामाचा पाठ देत आहोत. काम जुनेच आहे, लोखंडाला धार देण्याचे. घिसाडी आणि शिकलगार या दोन्ही जमाती महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमाती (ब) या यादीत आहेत, आणि दोघांची ओळख याच कामावरून आहे. शिकलगार म्हणजे हत्यार घासून त्याला चकाकी व धार देणारा. घिसाडी हे नाव घासण्यावरून आले असे सांगतात. पालाबाहेर भाता फुंकणारी बाई आणि घण मारणारा तिचा नवरा हे चित्र दुधनीच्या बाजारात येणाऱ्या कोणालाही नवे नाही.

दुधनीचा बाजार तुरीसाठी ओळखला जातो. तुरीची काढणी, उसाची तोडणी, बांधावरचे गवत आणि घरातली भाजी या सर्वांना धार लागते. मराठीत आपण विळा म्हणतो, शेजारचा कन्नड भाषिक शेतकरी कुडगोल म्हणतो. वस्तू एकच आणि तक्रारही एकच. घिसाड्याकडून घेतलेल्या सुरीबद्दल गिऱ्हाईक मावशी पुष्कळदा म्हणतात, “भाऊ, लोखंड चांगलं आहे, पण सुरी एका अंगाला पळते.” कारखान्याची पातळ सुरी तितकी टिकत नाही, पण ती सरळ कापते आणि दहा सुऱ्या घेतल्या तर दहाही सारख्या असतात. गिऱ्हाईक तिकडे वळते ते एवढ्यासाठीच.

सुरी एका अंगाला पळते, कारण पात्याच्या दोन्ही अंगांचा उतार सारखा नसतो. नुसत्या हाताने सारखा उतार काढायला वर्षे लागतात. जुन्या कारागिराच्या हाताला ते जमते, पण त्याच्या नातवाकडे तेवढी वर्षे नाहीत. बेल्ट ग्राइंडरवर जिग वापरली, तर कोन धरून ठेवण्याचे काम जिग करते आणि शिकणाऱ्याला उरलेल्या गोष्टींकडे लक्ष देता येते. त्या उरलेल्या गोष्टी कोणत्या, हाच या पाठाचा विषय आहे.

१. उतार म्हणजे काय

सुरीच्या पात्याला जाड पाठ असते आणि पातळ धार असते. पाठीकडून धारेकडे पाते तिरके होत जाते. त्या तिरक्या सपाट भागाला या पाठात आपण उतार म्हणू. उतार जिथे सुरू होतो तिथे पात्यावर एक रेषा दिसते. तिला वरची रेषा म्हणू. धारेपासून वरच्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे उताराची उंची.

उतार दोन्ही अंगांना सारखा असेल, तर धार पात्याच्या बरोबर मध्यभागी येते. एका अंगाने जास्त घासले गेले, तर धार दुसऱ्या अंगाकडे सरकते. मग कापताना दोन्ही बाजूंनी सारखा रेटा मिळत नाही आणि सुरी वळते. दुसरे नुकसान पाणी देताना होते. तापलेले पाते तेलात बुडवले की पातळ अंग आधी थंड होते, जाड अंग मागे राहते आणि पाते वाकते. इतक्या मेहनतीचे पाते वाकडे निघाले की ते पुन्हा भट्टीत घालावे लागते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही अवजारांना मुद्दाम एकाच बाजूने धार देतात. त्यांना हा पाठ लागू नाही. येथे आपण दुधारी उताराच्या सरळ पाठीच्या सुरीचा विचार करत आहोत.

२. कोन किती ठेवावा

यासाठी मोठे गणित लागत नाही. भागाकार आणि गुणाकार पुरे.

समजा, पट्टी ३ मिमी जाड आणि ३० मिमी रुंद आहे. पाणी देण्याआधी धारेच्या जागी १ मिमी जाडी शिल्लक ठेवायची आहे. म्हणजे दोन्ही अंगांनी मिळून २ मिमी लोखंड काढायचे, एका अंगाने १ मिमी. उताराची उंची २० मिमी हवी असेल, तर १ भागिले २० म्हणजे ०.०५. या उत्तराला ५७ ने गुणले की अंश मिळतात. ०.०५ गुणिले ५७ म्हणजे २.८५, म्हणजे जवळजवळ ३ अंश.

दुसरे उदाहरण सरळ कोयत्याचे. जाडी ५ मिमी, धारेजवळ १ मिमी ठेवायची, उंची २५ मिमी. एका अंगाने २ मिमी काढायचे. २ भागिले २५ म्हणजे ०.०८. गुणिले ५७ म्हणजे साधारण साडेचार अंश. १० अंशांपर्यंतच्या कोनांना ही ५७ ची युक्ती बरोबर चालते.

हा कोन उताराचा आहे. शेवटी दगडावर जी बारीक धार काढतो तिचा कोन वेगळा असतो. भाजीच्या सुरीला तो एका अंगाला १५ ते २० अंश ठेवतात. कोयत्याला २५ अंशांच्या पुढे ठेवतात, म्हणजे धार कडक कांड्यावर लागून तुटत नाही.

३. जिग कशी बनवावी

बाजारात तयार जिग मिळते, पण वेल्डिंग येणाऱ्या कोणालाही ती भंगारातून बनवता येते.

तळाला ५ किंवा ६ मिमी जाडीची सपाट पाटी घ्यावी. ती ग्राइंडरच्या टेकूवर डावी-उजवीकडे सरकली पाहिजे. तिच्या पुढच्या कडेला, म्हणजे पट्ट्याच्या बाजूला, मजबूत बिजागरीने दुसरी पाटी उभी बसवावी. बिजागरीत खेळ नको. बिजागरी हलत असेल तर कोनही हलेल आणि सगळी मेहनत वाया जाईल. उभ्या पाटीच्या मागे तळपाटीवर अँगलचा एक तुकडा वेल्ड करावा. त्यातून एक बोल्ट असा बसवावा की तो फिरवला की उभी पाटी वरच्या बाजूने पट्ट्याकडे झुकेल. पाटी बोल्टला टेकून राहावी म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधावी.

आता एक उपयोगी हिशेब. ६ मिमीच्या साध्या बोल्टचे आटे १ मिमी अंतरावर असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा दिला की बोल्ट १ मिमी पुढे जातो. हा बोल्ट बिजागरीच्या खिळ्यापासून बरोबर ५७ मिमी उंचीवर बसवला, तर एका फेऱ्याला पाटी १ अंश झुकते. वेगळे कोनमापक लागत नाही. पाटी गुण्याने तळाशी काटकोनात लावावी, तिथे बोल्टच्या डोक्यावर खूण करावी आणि तिथून फेरे मोजावेत. तीन फेरे म्हणजे ३ अंश.

पात्याची पाठ टेकायला उभ्या पाटीच्या खालच्या भागात एक अरुंद पट्टी आडवी लावावी. ती पात्याच्या जाडीपेक्षा कमी बाहेर असावी, नाहीतर तीच पट्ट्याला घासेल. पाते धार वर करून ठेवायचे, पाठ या पट्टीवर टेकवायची आणि मुठीचा भाग क्लॅम्पने आवळायचा. अंग बदलल्यावर मूठ दुसऱ्या टोकाला जाते, म्हणून क्लॅम्पची सोय दोन्ही टोकांना ठेवावी.

४. ग्राइंडर कसा असावा

५० मिमी रुंदीचा पट्टा आणि एक अश्वशक्तीची मोटर शिकण्यासाठी पुरेशी आहे. पट्ट्यामागची लोखंडी पाटी सपाट हवी. मध्ये झिजून खड्डा पडला असेल, तर पात्यालाही गोलाई येते. टेकू आणि पट्टा यांच्यातला कोन गुण्याने तपासावा. पट्टा वरून खाली फिरला पाहिजे, म्हणजे ठिणग्या जमिनीकडे जातात.

पट्ट्याचा वेग काढता येतो. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरवर १०० मिमी व्यासाचे चाक असेल, तर चाकाचा घेर ३१४ मिमी, आणि पट्टा मिनिटाला सुमारे ४५० मीटर धावतो. चाक १५० मिमीचे केले, तर वेग ६८० मीटरच्या जवळ जातो. शिकणाऱ्याने लहान चाकावर सुरुवात करावी. हळू पट्टा चूक सुधारायला वेळ देतो.

जाड काम ४० किंवा ६० नंबरच्या पट्ट्यावर, नंतर १२०, शेवटी २२० किंवा ४०० असा क्रम ठेवावा. झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता घासतो आणि पाते तापवतो. पैसे वाचवायला झिजलेला पट्टा वापरत राहिले, तर पट्ट्यापेक्षा महाग असलेले पाते जाते.

५. आखणी

ट्रकच्या कमानीचे जुने पाटे आपल्याकडे भंगारात मिळतात आणि त्यांचे पोलाद सुरीला चांगले असते. पाटा तापवून, ठोकून, सरळ करून पट्टी तयार करावी. तिला सुरीचा आकार द्यावा. दोन्ही अंगे सपाट आहेत ना, ते काचेवर ठेवून पाहावे. पट्टी डुगडुगत असेल, तर पुढे जाऊ नये.

नंतर धारेच्या कडेवर मध्यरेषा आखावी. पट्टी ३ मिमी जाड असेल, तर ३ मिमीचे ड्रिल घ्यावे. पाते आणि ड्रिल दोन्ही काचेवर आडवे ठेवून ड्रिलच्या टोकाने धारेच्या कडेवर रेघ ओढावी. ड्रिलचे टोक त्याच्या मध्यभागी असते, म्हणून रेघ पात्याच्या मध्यावर येते. पाते उलटे करून पुन्हा ओढावी. दोन रेघा जवळजवळ दिसल्या तर त्यांच्या मधोमध खरा मध्य.

रेघ दिसावी म्हणून मार्करची शाई लावता येते. शेतकऱ्याच्या घरात मोरचूद असतेच. मोरचुदाचे थोडे पाणी स्वच्छ लोखंडावर पुसले की तांब्याचा पातळ थर बसतो आणि त्यावर रेघ उठून दिसते. मोरचूद विषारी आहे, म्हणून हात धुवावेत आणि ते पाणी मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे.

दोन्ही अंगांवर मुठीजवळ उतार जिथे सुरू व्हायला हवा, तिथेही गुण्याने आडवी रेघ आखावी. ही रेघ दोन्हीकडे समोरासमोर आली पाहिजे.

६. घासण्याचा क्रम

आधी जुन्या पट्ट्यावर धारेचे दोन्ही कोपरे मध्यरेषेच्या जवळपर्यंत तिरके काढून टाकावेत. ताज्या पट्ट्याला उभा कोपरा लागला, तर त्याचे दाणे निघून जातात.

आता नवीन पट्टा चढवावा, जिगला ३ फेरे द्यावेत, पाते आवळावे. दोन्ही कोपरे अंगाला लावून उभे राहावे. जिग हातांनी न ढकलता कमरेतून हलत सरकवावी, म्हणजे वेग सारखा राहतो. मुठीकडून सुरुवात करून टोकाकडे जावे. पट्ट्यावर मध्येच थांबू नये. जिथे थांबाल तिथे खड्डा पडतो.

टोकाकडे जाताना विशेष सांभाळावे. टोक पट्ट्याच्या मध्यावर आले की दाब सोडावा. टोक पट्ट्याबाहेर जाईपर्यंत दाबत राहिले, तर सगळा दाब लहानशा जागेवर येतो आणि टोक झिजून गोल होते.

एका अंगाचे पाच हात झाले की पाते काढावे, पाण्यात बुडवावे, पुसावे, जिगची पाटी पुसावी, मग दुसरे अंग लावावे. पाच आणि पाच, मोठ्याने मोजत. एक अंग पूर्ण करून मग दुसरे करायचा मोह होतो, पण तसे करू नये. पाते एका बाजूने तापून वाकते आणि दुसरे अंग पहिल्यासारखे आणणे अवघड होते.

पुसण्याला कमी लेखू नये. पाते आणि जिग यांच्यामध्ये धारेच्या बाजूला ०.२ मिमीचा लोखंडाचा कीस राहिला, तर ३० मिमी रुंदीच्या पात्याचा कोन सुमारे ०.४ अंशाने बदलतो. आपला सगळा कोनच ३ अंशांचा. म्हणजे चिमूटभर किसाने त्याचा सातवा-आठवा हिस्सा बिघडला. जिगवर लोहचुंबक लावलेले असेल, तर हा कीस तिथे जास्तच चिकटतो.

७. वरची रेषा वाचायला शिका

या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे आहे.

धार मध्यावर आहे की नाही हे नुसत्या डोळ्याने नीट कळत नाही. ०.१ मिमीचा फरक मोजायला व्हर्नियर लागतो. पण कारागिराजवळ व्हर्नियर नसला तरी पात्यावर एक मोजमाप आपोआप उमटत असते, ते म्हणजे वरची रेषा. आपल्या उदाहरणात उतार २० ला १ असा आहे. म्हणून एका अंगाने ०.१ मिमी जास्त घासले गेले की वरची रेषा २ मिमी वर चढते. जो फरक धारेजवळ दिसत नव्हता, तो रेषेजवळ वीसपट मोठा होऊन दिसतो. साधी पट्टी लावून तो मोजता येतो.

कोन जिग धरते. खोली हात ठरवतो. आणि हाताने किती खोल घासले ते वरची रेषा सांगते. दर पाच हातांनंतर दोन्ही अंगांची उंची तीन ठिकाणी मोजावी: मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाजवळ. मग पुढीलप्रमाणे ठरवावे.

उंची दोन्हीकडे सारखी आणि धार मध्यरेषेवर: काम बरोबर चालले आहे.

एका अंगाची रेषा खाली: त्याच अंगाला एक-दोन हात जास्त द्यावेत. वर चढलेल्या अंगाला हात लावू नये.

उंची सारखी, पण धार मध्यरेषेवरून सरकलेली: कोन बदलला आहे. कीस, बिजागरीचा खेळ, क्लॅम्पने वाकलेले पाते किंवा मुळात वाकडी पट्टी यांपैकी काहीतरी असते. कारण सापडेपर्यंत घासणे थांबवावे.

रेषा मुठीजवळ वर आणि टोकाजवळ खाली: एका हाताचा दाब जास्त पडतो आहे.

रेषा नागमोडी: सरकवताना मध्ये थांबणे होते आहे.

शिकवणाऱ्यांनी चूक स्वतः सांगू नये. पाते मुलाच्या हातात द्यावे आणि विचारावे, “बाळा, रेषा काय म्हणते?” ज्याला रेषा वाचता आली, त्याला पुढे गुरू जवळ नसला तरी काम सुधारता येते.

८. पाणी देणे आणि त्यानंतरचे घासणे

१ मिमी धार ठेवून जाड काम झाले की पाते तापवावे. लोहचुंबक चिकटेनासा झाला की त्यापेक्षा थोडे अधिक तापवून कोमट तेलात बुडवावे. धार खाली आणि पाते सरळ. नंतर ओव्हन असेल तर साधारण २०० अंश सेल्सिअसला तास-तासभर दोनदा ठेवावे, म्हणजे ठिसूळपणा जातो.

आता शेवटचे घासणे त्याच ३ अंशांवर करायचे. धारेजवळची जाडी १ मिमीवरून ०.४ मिमीवर आणली की वरची रेषा २० मिमीवरून २६ मिमीच्या आसपास चढते. ३० मिमी रुंद पात्याला हे शोभून दिसते. त्यापेक्षा पातळ धार पट्ट्यावर करू नये. पातळ धार वरून येणाऱ्या पट्ट्यात अडकू शकते.

पाणी दिलेल्या पात्याला उष्णतेची फार भीती. घासताना रंग बदलला तर समजावे: हळदीसारखा पिवळा साधारण २२० अंश, तपकिरी २५० ते २६०, जांभळा २८०, निळा ३०० च्या आसपास. धार निळी पडली की तिथले पाणी उतरले. ती जागा पुन्हा चमकवता येते, पण तेथे धार टिकणार नाही. गिऱ्हाईकाला ते विकत घेताना दिसत नाही, आठ दिवसांनी कळते. अशी सुरी विकू नये. पुन्हा तापवून पाणी द्यावे.

म्हणून पाणी दिल्यावर प्रत्येक हातानंतर पाते बुडवावे. पात्यावर पाण्याचे थेंब राहू द्यावेत. थेंब उकळू लागले की लगेच उचलावे. बोटाला चटका बसायच्या आत थांबणे, हा नियम सर्वांना समजतो.

शेवटी दगडावर दोन्ही अंगांना सारखे हात देऊन धार काढावी. धारेवर उलटलेली बारीक कोर चामड्यावर ओढून काढावी. कागदाची पट्टी उभी धरून कापावी. सुरी सरळ खाली गेली तर काम झाले.

९. जिग कुठे थांबते

जिग सरळ पात्यासाठी आहे. सुरीची धार टोकाकडे पाठीच्या दिशेने वळते, तिथे जिगने काढलेला उतार तोच राहतो आणि टोक जाड उरते. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर जिग सोडून, मूठ थोडी उचलून, हातानेच पातळ करावे लागतात. विळ्याच्या वाकाला जिग चालतच नाही. तिथे चाकावर किंवा पट्ट्याच्या सैल भागावर हाताने घासावे लागते, आणि तिथे जुन्या कारागिराचा हातच गुरू.

म्हणून घरातल्या आजोबांना बाजूला सारून यंत्र आणले असे होऊ नये. पोलाद ओळखणे, ठिणगी पाहणे, तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखणे, किती ठोकायचे ते ठरवणे, हे जिग शिकवत नाही. मुलाने आजोबांना म्हणावे, “आजोबा, कोन मी यंत्रावर धरतो, पाणी तुम्ही द्या.” दोघांच्या कामातून जी सुरी निघेल, ती कारखान्याच्या सुरीशेजारी मान वर करून ठेवता येईल.

१०. जीव सांभाळणे

डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर धुळीचा मास्क लावल्याशिवाय मोटर सुरू करू नये. नुसता रुमाल बारीक धूळ अडवत नाही. उपरणे, ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस आणि हातातले कडे पट्ट्याजवळ नको. सैल हातमोजे घालू नयेत. पट्टा मोजा ओढतो आणि मोज्याबरोबर बोटे. लाकडी मुठी घासायच्या असतील, तर आधी लोखंडाचा कीस व ठिणग्यांची जागा झाडून घ्यावी, कारण ठिणगीने भुसा पेटतो. वीज गेली की प्रथम बटण बंद करावे. वीज अचानक आल्यावर कोणाचा हात पट्ट्याजवळ असू नये. लहान मुले खेळतात त्या जागेपासून ग्राइंडर दूर असावा.

११. कायदा माहीत असावा

आपल्या वाचकांमध्ये पारधी बांधवही आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. सोलापुरातही अशा लोकांना कुंपणाआड ठेवणारी सेटलमेंट होती आणि त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण संशयाची नजर अजून पूर्ण गेलेली नाही. वस्तीवरच्या मुलाच्या पिशवीत धारदार पाते सापडले, तर त्याला प्रश्न विचारले जाणारच.

शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे यातून वगळली आहेत. म्हणून फक्त स्वयंपाकाची व शेतीची अवजारे बनवावीत. तलवार, खंजीर किंवा शोभेची हत्यारे कोणी कितीही पैसे दिले तरी बनवू नयेत. माल नेताना तो गुंडाळून, बांधून न्यावा आणि बरोबर पावती पुस्तक ठेवावे. सणांच्या किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सुऱ्या-काठ्या घेऊन फिरण्यास मनाई लागू होऊ शकते. त्या दिवसांत बाजाराला निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

१२. पैशांची सोय

केंद्र शासनाची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे, तसेच हातोडा व अवजारसंच बनवणारेही आहेत. योजनेत काही दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पुढे सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी रचना आहे. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते. आधार कार्ड, बँक खाते आणि शिधापत्रिका आधी नीट करून घ्यावी. पालावर राहणाऱ्या कुटुंबांचे घोडे पुष्कळदा कागदपत्रांपाशीच अडते, आणि कार्यकर्त्यांची खरी मदत तिथे लागते.

शेवटी एक विचार

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. माणसाची मोजणी अवजाराच्या नावाने होते, इतके त्यांचे पोट धारेवर अवलंबून आहे. ऊस जमिनीलगत कापावा लागतो, कारण खालच्या कांड्यात साखर जास्त असते. बोथट कोयत्याने वाकून घाव घालणाऱ्या बाईच्या खांद्याला आणि कमरेला तो घाव परत लागतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात इस्राएलात लोहार नसल्याची हकिकत आहे. लोकांना आपले फाळ आणि कुऱ्हाडी धार लावायला शत्रूकडे न्याव्या लागत आणि त्याचे दाम मोजावे लागत. ज्यांच्या घरात धारेची विद्या आहे, त्यांनी ती हातची जाऊ देऊ नये.

स्वाध्याय

१. पट्टी ४ मिमी जाड आहे. धारेजवळ १ मिमी ठेवायची आहे आणि उताराची उंची २५ मिमी हवी आहे. कोन किती? (एका अंगाने १.५ मिमी काढायचे. १.५ भागिले २५, गुणिले ५७, म्हणजे सुमारे ३.४ अंश.)

२. वरील कोनासाठी आपल्या जिगच्या बोल्टला किती फेरे द्याल?

३. डाव्या अंगाची रेषा २२ मिमीवर आणि उजव्या अंगाची १९ मिमीवर आहे. पुढचा हात कोणत्या अंगाला द्याल, आणि का?

४. भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीवर दोन्ही अंगांचा उतार काढण्याचा सराव करा. सलग तीन पट्ट्यांवर दोन्ही रेषांमधला फरक १ मिमीच्या आत आला, की मगच पोलादाला हात घाला.